ह लिहायचा, म्हणायचा नाही

शाहूपुरी, तिसरी गल्ली, बॅटरीच्या दुकानावर,
संध्याकाळी सहा ते सात.
म्हणजे नेमकी ती वेळ
जेव्हा खालच्या गाड्यावर कटाला तर्री सुटते
आणि वास जिना चढून
आमच्याआधी वर्गात येऊन बसतो.

लाटकर मॅडमनी फळ्यावर लिहिलं: तेंगो आंब्रे.
तेंगो, माझ्याजवळ आहे.
आंब्रे, भूक.
माझ्याजवळ भूक आहे.
मागून इरफान म्हणाला,
"जवळ हाय तर दुसऱ्याला देता येतीया काय, मॅडम?"
सगळे हसले. मीही.

माझ्या हाताखालून रोज शिरोलीचं ओतकाम जातं,
पंपांची कवचं, ब्रॅकेटं, बिल्बाओच्या नावानं पेट्या.
कुणाजवळ काय, किती नग, किती किलो
हे लिहिणं हाच माझा पगार.
भुकेचा रकाना कधी भरला नव्हता.

आपल्यात ती जवळ नसते. लागते.
ठेच लागावी तशी, झोप लागावी तशी,
उसाच्या फडाला आग लागावी तशी.
आपण नुसतं "मला" म्हणून उभं राहायचं.
वयसुद्धा लागतं. मला त्रेचाळिसावं लागलं.
तिकडं म्हणे वर्षंही जवळ असतात,
त्रेचाळीस,
खिशातल्या सुट्ट्यांसारखी.

मग तहान. तेंगो सेद.
शेवटचा द जिभेवरच विरू द्या,
तोंड जरा उघडं राहू दे, मॅडम म्हणाल्या.
अकराजण आ करून बसलो,
घरट्यातल्यासारखे.

आणि आंब्रेच्या आधी एक ह आहे.
लिहायचा. म्हणायचा नाही.
भुकेचं पहिलं अक्षर गिळायचं,
हे आम्हा चौघी बायकांना
दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

पहिल्या बाकावर मेथे अण्णा.
उद्यमनगरात छत्तीस वर्षं लेथवर, कानांनी थोडे कमी.
वही दुधाच्या हिशोबाची, मागच्या पानापासून उघडलेली.
ते कशाला येतात, कुणी विचारलं नव्हतं.
त्या दिवशी आपणहून उठले.

"लेक व्हॅलेन्सियात. नात चार वर्षांची.
फोन ओट्यावर टेकवून लेक दारात गेली, पार्सल घ्याला,
आणि पोरगी रडाय लागली,
तेंगो आंब्रे, तेंगो आंब्रे.
मी म्हटलं, कुठं लागलं बाळा?
गुडघ्याला? दाखव बघू.
तर ती आणखीच रडली.
मग मी काचेवर फुंकर मारली."

इरफान बाटलीचं टोपण
उघडत, लावत राहिला.

"आता ते कळतंय मला," अण्णा म्हणाले.
"पण ती म्हणाली, तर मी काय म्हणायचं?
पुस्तकात भूक हाय, तहान हाय.
त्याच्या म्होरचं न्हाई."

मॅडमनी पान उलटलं. आणखी एक उलटलं.
खरंच नव्हतं.
मग पुस्तक मिटून, खडूचे हात पदराला पुसत
त्या म्हणाल्या: वेन. कोमे.
ये. खा.

अण्णांनी उतरवून घेतलं
दीड लिटर आणि मागील बाकीच्या खाली.
दोनदा म्हणून पाहिलं. कोमेतला ए
लांबवला त्यांनी, दिवेलागणीला
गल्लीच्या टोकापर्यंत पोचवायचा असतो तेवढा.
मॅडमनी दुरुस्त केला नाही.

सात वाजले.
गाड्यावर ही गर्दी. मी थांबले नाही,
केएमटीच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले.
पर्समध्ये किल्ल्या, पास, निम्मी बाटली,
आणि तीही असणार तिथंच कुठंतरी.
हळूच म्हणून पाहिलं,
चुकीचं, ह सकट:
हांब्रे.

शेजारची बाई वळली. मांडीवर बाजाराची पिशवी.
"काय म्हणालासा?"
"काही नाही," म्हणणार होते.
म्हटलं, "भूक लागलीया."

तिनं माझ्याकडं पाहिलं,
सरकून जागा केली
आणि पिशवीत कोपरापर्यंत हात घातला.